हात आमचे, सही कोणाची?

दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या वस्त्यांमधून एकच चर्चा सुरू होते. मुलगा इंजिनिअर होणार की डॉक्टर? मुलगी नर्सिंगला जाणार की स्पर्धा परीक्षेला बसणार? बाबासाहेबांचा शिक्षणाचा आदेश या समाजाने जितक्या निष्ठेने पाळला तितका क्वचितच दुसऱ्या कोणी पाळला असेल. त्यातूनच आपले वकील, प्राध्यापक, अभियंते आणि अधिकारी निर्माण झाले. परंतु एखाद्या मुलाने ‘मला चित्रकला शिकायची आहे’ किंवा ‘डिझाईनला जायचे आहे’ असे म्हटले की घरात शांतता पसरते. ‘चित्रे काढून पोट भरणार काय?’ हा प्रश्न ठरलेलाच! हा प्रश्न चुकीचा नाही. ज्याच्या घरात साठवलेला पैसा नाही त्याने पोटाचा विचार आधी करायचाच असतो. पण या एका प्रश्नापायी आपण एक संपूर्ण क्षेत्र प्रस्थापितांना आंदण देऊन बसलो आहोत, हे आता तरी लक्षात घेतले पाहिजे.

कोल्हापुरी चपलेचेच उदाहरण घ्या. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा या कंपनीने मिलान येथील फॅशन शोमध्ये हुबेहूब कोल्हापुरीसारखी दिसणारी पादत्राणे दाखविली. कोल्हापूरचे नाव नाही, चर्मकार कारागिराचा उल्लेख नाही. ओरड झाल्यावर कंपनीने भारतीय पादत्राणांपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले होते. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार जिल्हे त्यात येतात. तरीही जुलै २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या विषयावरील जनहित याचिका फेटाळली, कारण मानांकनाचे नोंदणीकृत मालक स्वतः न्यायालयात आलेले नव्हते. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये प्राडाने महाराष्ट्र आणि कर्नाटकच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला आणि येथील कारागिरांकडून दोन हजार जोड बनवून घेण्याचे जाहीर केले.

करार झाला, चांगली गोष्ट आहे. परंतु वाटणी कशी झाली ते पाहा. कातडे कमावणारे, शिवणारे, वेणी विणणारे हात आमचे. डिझाईन मात्र कंपनीचे! म्हणजे मजुरी आम्हाला आणि सही त्यांना. येथील वर्णव्यवस्थेने हेच तर हजारो वर्षे केले. हाताने काम करणारा खालचा आणि डोक्याने काम सांगणारा वरचा. १९३६ साली बाबासाहेबांनी जातीव्यवस्थेचे जे विच्छेदन केले, त्यात काम करणाऱ्या माणसांचीच उतरंड कशी लावली गेली हे त्यांनी दाखवून दिले. डिझाईनचे क्षेत्र त्या उतरंडीचे आजचे रूप आहे. वर बसलेला तो डिझायनर, खाली बसलेला तो कारागीर.

येथे कायदा काय म्हणतो तेही समजून घ्या. डिझाईन कायदा, २००० नुसार नवीन आणि पूर्वी प्रसिद्ध न झालेल्या डिझाईनची नोंदणी होते आणि नोंदणी करणाऱ्याला दहा वर्षे व मुदतवाढीनंतर आणखी पाच वर्षे संरक्षण मिळते. आजोबांनी बनविलेला जुना नमुना नातवाला स्वतःच्या नावावर नोंदविता येत नाही, कारण तो नवा नाही. पण त्याच हुन्नरातून नातवाने नवा नमुना घडविला, त्याची रेखाचित्रे काढली, नोंदणी केली तर तो पंधरा वर्षे मालक राहतो. म्हणून नुसती कारागिरी असून भागत नाही. ती कागदावर मांडण्याचे, तिला नाव देण्याचे आणि तिच्यावर हक्क सांगण्याचे शिक्षण पाहिजे. ते शिक्षण आज विद्यापीठांत आणि राष्ट्रीय संस्थांत मिळते.

कला हे आपले क्षेत्र नाही असा समज ज्यांनी पसरविला त्यांना इतिहासाने केव्हाच उत्तर दिले आहे. मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट १८५७ मध्ये सुरू झाले. जमशेटजी जीजीभाई यांनी त्यासाठी एक लाख रुपये दिले. येथील हस्तकलांना उत्तेजन द्यावे हा त्यामागील मूळ उद्देश होता. म्हणजे ज्यांच्या हातात कला होती त्यांच्यासाठी काढलेली ही शाळा. पुढे ती कोणाची झाली हे सांगण्याची गरज नाही. याच संस्थेच्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात जॉन ग्रिफिथ्स यांच्या मार्गदर्शनाखाली अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रती तयार केल्या. त्यातील बऱ्याच प्रती लंडनला आगीत जळाल्या. तरीही सांगायची गोष्ट ही की, आधुनिक भारताच्या पहिल्या कलाशिक्षणात बौद्ध कलेने गुरूचे काम केले. तथागताच्या चित्रांवरून हात गिरवून येथे चित्रकार तयार झाले आणि त्या तथागताचा धम्म स्वीकारलेल्या समाजाचे मूल आज त्याच वर्गात शिरताना बिचकते, यापेक्षा मोठी विसंगती कोणती?

आणखी एक गोष्ट. बौद्ध लेण्यांनी आणि स्तूपांनी कारागिराचे नाव पुसले नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कोरणाऱ्यांनी हे काम केले असा लेख आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकटच्या एका सुताराने दार घडविल्याची नोंद दगडात कोरलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वी श्रमणपरंपरेने सुताराची सही दगडावर ठेवली. ती सही पुसण्याचे काम नंतरच्या व्यवस्थेने केले.

आता डिझाईनकडे वळू. अमेरिकेतील चार्ल्स आणि रे ईम्स या दांपत्याने १९५८ मध्ये भारत सरकारला एक अहवाल दिला आणि त्यातून १९६१ मध्ये अहमदाबादची राष्ट्रीय डिझाईन संस्था, म्हणजे एनआयडी, उभी राहिली. त्या अहवालात आपल्या साध्या लोट्याचे मोठे कौतुक आहे. पकड, वजन, तोल, पाणी ओतण्याची धार, सगळ्याचा विचार. देशातील डिझाईनचे विद्यार्थी आजही हा लोटा अभ्यासतात. अभ्यासावाच! पण या देशात लोट्याला हात लावण्याची कोट्यवधी माणसांना बंदी होती आणि ओंजळभर पाण्यासाठी १९२७ मध्ये महाडला सत्याग्रह करावा लागला, हा धडा डिझाईनच्या किती वर्गांत शिकविला जातो? लोट्याचा आकार दिसतो, लोट्याभोवतीची जात दिसत नाही. ती दिसण्यासाठी वर्गात आपले मूल बसलेले असावे लागते.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. रस्ता झाडणाऱ्या बाईला दिवसभर कंबरेत वाकून का काम करावे लागते? कारण तिच्या हातातला झाडू आखूड आहे. गटारात उतरणाऱ्या माणसाचा जीव अजूनही का जातो? हाताने मैला साफ करून घेण्यास बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये झाला, पण माणसाला खाली उतरावेच लागणार नाही असे यंत्र प्रत्येक नगरपालिकेच्या दारी पोहोचले काय? हे सगळे डिझाईनचे प्रश्न आहेत. ज्याच्या घरातला माणूस गटारात उतरला तो विद्यार्थी या संस्थेत गेला तर त्याचा पहिला प्रकल्प कोणता असेल, हे सांगायला नको.

मग आपली मुले तेथे का दिसत नाहीत? मुंबईच्या आयआयटीत १९६९ पासून डिझाईनचे शिक्षण आहे. पदवीच्या प्रवेशासाठी २०१५ पासून यूसीड ही परीक्षा होते. बारावी कोणत्याही शाखेतून केलेला विद्यार्थी तिला बसू शकतो, परंतु प्रश्नपत्रिका फक्त इंग्रजीत! त्यातच चित्र काढण्याचा भाग असतो आणि त्याच्या तयारीसाठी शहरांतून महागडे क्लास निघाले आहेत. मराठी शाळेत, आश्रमशाळेत शिकलेल्या मुलाला या परीक्षेचे नावसुद्धा कळत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या शाळेत शंभराहून अधिक मुले असतील तर कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक असावा असे लिहिलेले आहे. आपल्या वस्तीतील शाळेत तो आहे काय, हे कोणी विचारले आहे काय? ज्याला शाळेत रंगाची पेटी मिळाली नाही त्याला पुढे ‘तुझ्यात सौंदर्यदृष्टी नाही’ असे सांगणे ही शुद्ध लबाडी आहे.

प्रवेशाच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे. केंद्रीय शैक्षणिक संस्था (प्रवेशातील आरक्षण) कायदा, २००६ नुसार आयआयटी, एनआयडी यांसारख्या संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना साडेसात टक्के आणि इतर मागासवर्गीयांना २७ टक्के जागा आहेत. जे. जे.ला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. २००६ चा केंद्रीय कायदा केंद्राने चालविलेल्या किंवा केंद्राचे अनुदान घेणाऱ्या अभिमत विद्यापीठांपुरता आहे. म्हणून राज्याच्या संस्थेचा दर्जा बदलतो तेव्हा राज्याचे आरक्षण, शिष्यवृत्ती आणि फी-सवलत जशीच्या तशी राहते की नाही, हे दरवर्षी प्रवेश-पुस्तिका हातात घेऊन तपासण्याचे काम आपल्या संघटनांचे आहे. ‘स्वायत्तता’ हा शब्द ऐकायला गोड आहे, पण त्याच्या आड आपले हक्क पातळ होऊ नयेत.

प्रवेशानंतरचीही लढाई आहे. कलाशिक्षणात गुण देणे बरेचसे परीक्षकाच्या आवडीवर चालते. ज्याने गावकुसाबाहेरचे जगणे रंगविले त्याचे चित्र ‘प्रचारकी’ ठरते आणि ज्याने देवळाचे शिखर काढले त्याचे ‘परंपरेचे भान’ ठरते. अशा वेळी गुण कोणत्या निकषांवर दिले हे लेखी मागा. आपली तपासलेली उत्तरपत्रिका माहिती अधिकारात पाहण्याचा परीक्षार्थीचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच मान्य केला आहे.

परदेशी शिक्षणाचे काय? केंद्राच्या राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या नियमांत २०२२ मध्ये एक कलम घातले गेले. भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरील सामाजिक अभ्यास हे विषय शिष्यवृत्तीतून वगळण्यात आले. म्हणजे अजिंठ्याच्या कलेवर लंडनमध्ये संशोधन करू इच्छिणाऱ्या बौद्ध विद्यार्थ्याला या शिष्यवृत्तीचे दार बंद! आपलाच वारसा आपण अभ्यासू नये, ही कसली सामाजिक न्यायाची योजना? बाबासाहेबांनी कोलंबियात आणि लंडनमध्ये भारतातील जातीवर आणि भारताच्या रुपयावरच तर संशोधन केले होते!

अडथळे असूनही आपल्या माणसांनी वाट काढली आहे. नागपूरचे सवी सावरकर बडोद्याच्या विद्यापीठात शिकले आणि त्यांनी अस्पृश्यता व देवदासी प्रथा थेट चित्रात आणली. मुंबईचे विक्रांत भिसे, प्रभाकर कांबळे चळवळीतला माणूस कलादालनात नेत आहेत. बिहारच्या मालविका राज यांनी मधुबनी शैलीत बुद्ध आणि बाबासाहेब उभे केले. आणि बाबासाहेबांचे भव्य पुतळे घडविणारे राम सुतार हे धुळे जिल्ह्यातील सुताराच्या घरातून जे. जे.मध्ये गेलेले विद्यार्थी होते, हे विसरता येईल काय?

शेवटी चळवळीला एक प्रश्न. १४ एप्रिल, धम्मचक्र प्रवर्तन दिन, ६ डिसेंबर या निमित्ताने आपण फ्लेक्सवर किती पैसा घालवितो? त्या फ्लेक्सवर बाबासाहेबांचा चेहरा कित्येकदा ओळखू येत नाही इतका बिघडलेला असतो आणि भोवती पन्नास कार्यकर्त्यांचे फोटो. त्यातील निम्मा खर्च वाचवून प्रत्येक विहारात एक चित्रकक्ष काढता येईल. आठवड्यातून एक दिवस मुलांना रेखाटन शिकवा. एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षांना बसवा. नागपूर, छत्रपती संभाजीनगर आणि मुंबई येथील शासकीय कला महाविद्यालयांची माहिती फलकावर लावा. यूसीडचे अर्ज भरून घ्या. तेथे शिकणाऱ्या आपल्या मुलांना सुट्टीत बोलवा आणि त्यांना शिकवायला लावा. आणि या संस्थांकडे माहिती अधिकारात विचारा की, गेल्या दहा वर्षांत प्रत्येक अभ्यासक्रमात आमच्या किती जागा भरल्या, किती रिकाम्या राहिल्या आणि किती मुले मधूनच गेली.

‘चित्रे काढून पोट भरणार काय?’ असे विचारणाऱ्या बापाला उत्तर द्यायचे असेल तर ते मुलावर एकट्याने सोडू नका. समाजाने त्याच्यामागे उभे राहिले पाहिजे. घटनेची लढाई आपण लेखणीने लढलो. आता कुंचला आणि पट्टीही आपल्या हाती आली पाहिजे, म्हणजे आपल्या हातांनी घडविलेल्या वस्तूखाली नाव आपलेच असेल.