पिकअपची पुली आणि अॅव्हरेजचे गाजर



कांदा-भाजीपाला वाहणाऱ्या पिकअपवाल्यांपुढे एक टूम येऊन पडली आहे. इंजिनच्या तोंडावरची कंपनीची पुली काढायची आणि तिच्या जागी अॅल्युमिनियमची, वजनाला हलकी आणि घेराने लहान पुली बसवायची. गाडी पळते, अॅव्हरेज वाढते, असे विकणारा सांगतो. आमच्याकडे यावर विचारणा झाली. आमच्यातल्याच काही कार्यकर्त्यांनी असेही म्हटले की, भाव आपल्या हातात नाही, निदान वाहतुकीचा खर्च तरी हातात आहे. तो कमी करायला संघटनेने सांगितले तर बिघडले कुठे? आम्हाला पुलीपेक्षा हे वाक्य जास्त धोक्याचे वाटते. म्हणून आधी पुलीचा हिशेब करू, मग वाक्याचा.

पुली शेतकऱ्याला नवी नाही. ज्याच्या खळ्यावर मळणी यंत्र चालले, ज्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन बसले, त्याला हे गणित शाळेबाहेरच शिकायला मिळाले. इंजिन मिनिटाला १५०० फेऱ्यांचे, त्यावर ६ इंची पुली, समोर १२ इंची. समोरचा दांडा ७५० फेऱ्या फिरणार. पीक बदलले की पुली बदलायची, नाही तर दाणा फुटतो किंवा कणसातच राहतो. आणि हाव धरली तर काय होते तेही आपण पाहिले आहे. पाणी जास्त पडावे म्हणून इंजिनवर मोठी पुली चढवून पंपाच्या फेऱ्या १० टक्के वाढवल्या, तर पाणी वाढते १० टक्क्यांच्या आसपास आणि इंजिनवरचा भार वाढतो ३३ टक्के. मग इंजिन काळा धूर ओकते आणि डिझेलचा डबा लवकर रिकामा होतो.

पण खळ्यावर इंजिनची सगळी ताकद पट्ट्यावरूनच कामाला जाते. पिकअपमध्ये तसे नाही. गाडी ओढणारी ताकद क्लच आणि गिअरबॉक्सच्या वाटेने मागच्या चाकांना जाते. पुढचा पट्टा फिरवतो तो अल्टरनेटर, पाण्याचा पंप, बऱ्याच गाड्यांत पंखा, कुठे पॉवर स्टिअरिंगचा पंप. हे घरचे गडी. लहान पुली बसवणे म्हणजे या गड्यांना सावकाश काम करायला सांगणे, आणि त्यांच्या भाकरीत जे वाचेल ते गाडीला पळायला देणे. इतकाच हा चमत्कार आहे.

आता गड्यांची भाकरी केवढी ते पाहू. दिव्यांना आणि बॅटरीला जेवढी वीज लागते तेवढी लागतेच. अल्टरनेटर सावकाश फिरला म्हणून दिव्याची भूक कमी होत नाही. वाचतो तो थोडा घर्षणाचा भार. उलट पहाटे बाजार समितीच्या फाटकाबाहेर दिवे लावून, इंजिन मंद ठेवून दोन तास रांगेत उभे राहिले की चार्जिंग पुरत नाही आणि परतीला गाडी ढकलायला हमाल शोधावे लागतात. पंख्याचे मात्र खरे आहे. त्याच्या फेऱ्या १० टक्के कमी केल्या तर तो २७ टक्के कमी ताकद खातो. पण वाराही फेऱ्यांच्या प्रमाणात कमी देतो. भरलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कसारा किंवा माळशेज चढत असते तेव्हा इंजिन तापाला आलेले असते, आणि गाडीच्या वेगाचा वारा रेडिएटरला मिळत नसतो. नेमक्या त्या वेळी पंखा आणि पाण्याचा पंप दोघांनाही ढिले करायचे? हेड गॅस्केट उडाले की अॅव्हरेजचा विषयच संपतो. आणि ज्या नव्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो, तिथे एवढेही वाचत नाही.

याहून मोठी गोष्ट ब्रेकची. डिझेल इंजिनला पेट्रोल इंजिनसारखी आपोआप ओढ मिळत नाही. ब्रेकच्या बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम वेगळ्या पंपाने तयार करावा लागतो, आणि आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या डिझेल गाड्यांत तो पंप अल्टरनेटरच्या पाठीलाच जोडलेला असतो. म्हणजे तुमचा ब्रेक त्या पट्ट्याला लोंबकळतो आहे. घाट उतरताना, इंजिन मंद असताना, पुन्हा पुन्हा ब्रेक मारावा लागतो तेव्हा तो पंप सावकाश फिरून चालत नाही. गाडीत मागे क्रेटवर बसून बाजाराला येणारी माणसे आपल्याच घरची असतात, हे पुली विकणाऱ्याला सांगायचे कारण नाही, घेणाऱ्याला असावे.

शिवाय क्रँकवरची पुली म्हणजे नुसते चाक नव्हे. अनेक इंजिनांत तिच्या मधल्या भागात आणि कडेच्या कड्यात रबराचा थर असतो. डिझेलच्या प्रत्येक स्फोटाने क्रँकशाफ्ट पिळला जातो आणि सुटतो. ती थरथर ते रबर गिळते. रबर काढून सलग अॅल्युमिनियमचा तुकडा बसवला की थरथर क्रँकच्या अंगावर येते. आज काही दिसत नाही. दिसते तेव्हा बिल इंजिनचे येते. वॉरंटीतली गाडी असेल तर कंपनीला हात झटकायला आयते कारण मिळते ते वेगळेच.

मग ही कल्पना आली कुठून? अमेरिकेतून. तिथे पाव मैलाच्या शर्यतीत अशा पुल्या वापरतात. शर्यत काही सेकंदांची, घाट नाही, रांग नाही, १५ क्विंटल माल नाही. तिथे आणखी एक प्रकार आहे: सुपरचार्जर पट्ट्यावर चालतो, त्याची पुली लहान केली की तो जास्त फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबतो आणि ताकद खरोखरच वाढते. १९९९ ते २००४ या काळात निघालेल्या फोर्डच्या लायटनिंग पिकअपवर तिथल्या हौशी लोकांनी हेच केले. पण आपल्या डिझेल पिकअपला असतो टर्बो. तो धुराच्या झोताने फिरतो. त्याला पट्टा नाही, पुली नाही. दुसऱ्याच्या बैलाची वेसण आपल्या रेड्याला घालण्याचा हा प्रकार आहे.

आता पैशाचे. विकणाऱ्याच्या बाजूने झुकून हिशेब धरू. जाऊन-येऊन १२० किलोमीटरची खेप, लिटरला १२ किलोमीटर, म्हणजे १० लिटर डिझेल. पुलीने २ टक्के वाचले असे उदारपणे मानू: २०० मिलिलिटर. लिटर ९० रुपयांनी धरले तर खेपेमागे १८ रुपये. पुली आणि मजुरी मिळून ८००० रुपये धरले, तर मुद्दल फिटायला ४४४ खेपा लागतात. तोवर पट्टा किती वेळा बदलावा लागेल ते ज्याचे त्याने मोजावे.

आणि त्याच गाडीत १५०० किलो कांदा आहे. किलोमागे १० पैसे भाव उतरला तर १५० रुपये जातात, म्हणजे आठ खेपांची पुलीची कमाई एका लिलावात. १० पैशांचे सोडा. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लादले, ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली, ती मे २०२४ पर्यंत. त्या काळात बाजारात गाडी नेणाऱ्याने कुठली पुली बसवायला हवी होती? डिझेलचे बघा. मे २०२० मध्ये जगात कच्चे तेल मातीमोल झाले असताना सरकारने एका रात्रीत लिटरमागे १३ रुपये कर वाढवून केंद्राचे शुल्क ३१ रुपये ८३ पैशांवर नेले. पुढे ते कमी केले, पण स्वस्ताईचा फायदा तोवर तिजोरीत गेला होता. १० लिटरच्या खेपेला १३० रुपये, पुलीचे १८.

म्हणून ते वाक्य धोक्याचे. भाव आपल्या हातात नाही, खर्च कमी करा, हा उपदेश आपल्याला कृषी अधिकाऱ्यांनी केला, अर्थतज्ज्ञांनी केला, पंपावरच्या पाट्यांनी केला. त्याचा खरा अर्थ असा की लूट चालू राहू द्या आणि लुटीतून उरलेल्या शिदोरीत काटकसर करा. हाच उपदेश संघटनेच्या तोंडून बाहेर पडावा, हे आम्हाला मान्य नाही.

काही तरुण मित्र म्हणतील, तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मागणारे तुम्ही, आणि पुलीला अडवता? अडवत नाही. २०१९ साली अकोट तालुक्यात तणनाशक सहन करणारे कापसाचे बियाणे उघडपणे पेरले गेले, तेव्हा शेतकऱ्यांना निंदणीचा खर्च किती वाचतो ते ठाऊक होते. स्वातंत्र्य मागणाऱ्याने हिशेबही मागावा. गाडी तुमची, निवड तुमची. पण पुलीवर पैसे घालायचेच असतील तर घालण्यासारखी जागा आहे. खाचेचा तळ चकचकीत झाला असेल तर पुली झिजली आहे. पट्टा बाजूंनी धरला पाहिजे, तळाला टेकता कामा नये. अशी पुली बदला, मूळ मापाचीच घ्या. बेअरिंग वाजत असेल, पट्टा पुढे-मागे वाकडा धावत असेल तर मिस्त्रीला दाखवा. हवेचा फिल्टर झटका, टायरमधली हवा दर आठवड्याला बघा. या कामांना कोणी जाहिरात देत नाही.

जिल्हा बैठकीला येताना पिकअपवाल्यांनी मागच्या तीन महिन्यांच्या खेपांचा कागद आणावा. डिझेल, टोल, हमाली, तोलाई, रांगेत गेलेले तास आणि हिशेबपट्टीवर मिळालेला भाव, एवढे प्रत्येक खेपेचे लिहिलेले असावे. पट्ट्या मूळ आणाव्यात, झेरॉक्स बैठकीत काढून घेऊ.