न्यायाधीशाच्या परवानगीशिवाय नागरिकांवर पाळत नको : नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नागरिकांचे निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

मार्फत : मा. जिल्हाधिकारी, नांदेड व मा. जिल्हाधिकारी, लातूर

विषय : फोन ऐकणे, कॉल डिटेल्स काढणे व रस्त्यावर मोबाइल तपासणे यांवर न्यायालयीन अंकुश आणण्याबाबत.

महोदय,

टपाल खात्याच्या ताब्यातले एखाद्याचे पत्र पोलिसांना तपासासाठी हवे असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी किंवा त्यावरच्या न्यायालयाचा आदेश लागतो. त्याच माणसाचा फोन साठ दिवस ऐकायचा असेल, तर मात्र एकाही न्यायाधीशाला विचारावे लागत नाही. गृह विभागाच्या सचिवांची सही पुरते. पत्रे आता कोणी लिहीत नाही, सगळे फोनवरच बोलतात. संरक्षण मात्र पत्रालाच जास्त राहिले आहे. आमची तक्रार एवढ्याच एका गोष्टीची आहे. पुढचे सगळे तिचाच तपशील आहे.

दूरसंचार अधिनियम, २०२३ आणि त्याखालचे ६ डिसेंबर २०२४ चे नियम यांनुसार काम असे चालते : पोलीस यंत्रणा मागणी करते, गृह सचिव मंजुरी देतात. आदेश साठ दिवसांचा, वाढवत नेला तर एकशेऐंशी दिवसांपर्यंत. तातडी असेल तर महानिरीक्षक दर्जाचा अधिकारी आधी ऐकणे सुरू करू शकतो, सात कामकाजी दिवसांत मंजुरी आली म्हणजे झाले. मग मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालील आढावा समिती दोन महिन्यांतून एकदा बसून हे आदेश तपासते. म्हणजे मागणारे शासन, देणारे शासन आणि तपासणारेही शासनच. ज्याचे बोलणे ऐकले त्याला आधी कळत नाही, नंतरही कळत नाही. कागदपत्रे तर सहा महिन्यांच्या अंतराने नष्ट करायची, असा नियमच आहे. आपला फोन बेकायदा ऐकला गेला हे एखाद्याला दोन वर्षांनी समजले, तरी न्यायालयात दाखवायला कागद कुठून आणायचा?

ही व्यवस्था मुळात तात्पुरती होती, हे बहुतेकांच्या लक्षात नाही. १८ डिसेंबर १९९६ रोजी पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फोन ऐकणे हा खासगीपणावरचा गंभीर घाला मानला. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी असावी, अशी मागणी तेव्हाच झाली होती. न्यायालय तिथवर गेले नाही. केंद्राने नियम करावेत आणि तोवर गृह सचिवांनी आदेश द्यावेत, असे सांगून थांबले. नियम व्हायला १९९९ साल उजाडले, आणि त्यांत तोवरचीच सोय कायमची झाली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यानंतर नवा कायदा आला, नवे नियम आले; न्यायाधीश काही आला नाही.

गृह सचिव आणि समिती डोळ्यांत तेल घालून कागद वाचतात, असे शासनातर्फे नेहमी सांगितले जाते. केंद्रीय गृहमंत्रालयाने माहिती अधिकारात दिलेल्या उत्तराप्रमाणे केंद्राकडून महिन्याला साडेसात ते नऊ हजार आदेश निघत होते. ही संख्या दहा-बारा वर्षांपूर्वीची आहे. नऊ हजारांना तीस दिवसांनी भागले तर रविवार धरून रोज तीनशे. माहिती-संरक्षण कायद्यासाठी नेमलेल्या न्यायमूर्ती श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हाच हिशेब मांडून म्हटले, की आढावा समितीपुढे एका बैठकीत पंधरा ते अठरा हजार आदेश येतात आणि हे काम होण्यासारखे नाही. महाराष्ट्राचा आकडा काय, हे आम्हाला सांगितले जात नाही. साध्या तलाठी सज्जात सातबारा किती दिले याची नोंद लोक मागू शकतात. किती माणसांचे फोन ऐकले, याची नाही.

नुसत्या सहीवर सोडले की काय होते, ते याच राज्यात घडून गेले आहे. २०१६-१७ च्या सुमारास पुण्यातून काही लोकप्रतिनिधींचे फोन ऐकले गेले. २०२१ च्या पावसाळी अधिवेशनात नाना पटोले यांनी हा विषय काढला, चौकशी झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये बंडगार्डन पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदला गेला. त्या चौकशीत पुढे आलेली माहिती अशी, की पटोले यांचा नंबर ‘अमजद खान’ या नावाने आणि बच्चू कडू यांचा नंबर ‘निजामुद्दीन बाबू शेख’ या नावाने परवानगीसाठी गेला होता. कारण दाखवले होते अमली पदार्थांच्या व्यापाराचे. आशिष देशमुख व संजय काकडे यांचेही नंबर अशाच खोट्या नावांखाली होते. संजय राऊत व एकनाथ खडसे यांचे फोन ऐकल्याबाबतचा दुसरा गुन्हा कुलाबा पोलीस ठाण्यात नोंदला गेला. पुढे पुण्याच्या प्रकरणात पोलिसांनी तपास बंद करण्याचा अहवाल दिला, मुंबईच्या प्रकरणात शासनाने खटल्याची मंजुरी नाकारली आणि सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. कोण दोषी, यावर आम्हाला काही म्हणायचे नाही. तो विषय न्यायालयात संपला. आम्ही विचारतो ते वेगळे. खोट्या नावाचा तो कागद मंजूर कसा झाला? पटोले तेव्हा आपल्याच पक्षाचे खासदार होते. खासदाराचा नंबर अमजद खानच्या नावाने बिनबोभाट पुढे सरकतो, तर कंधारच्या किंवा निलंग्याच्या साध्या कार्यकर्त्याच्या नंबराकडे कोण बघणार? (आणि अमली पदार्थांचा व्यापारी म्हटले की हीच नावे सुचावीत, याचेही उत्तर कधीतरी कोणीतरी द्यायला हवे.)

म्हणून आमची सर्वांत तातडीची मागणी अगदी साधी आहे, आणि तिला दिल्लीच्या परवानगीची गरज नाही. फोन ऐकण्याच्या प्रत्येक प्रस्तावासोबत त्या नंबरच्या ग्राहकाचे नाव, पत्ता आणि ओळखपत्राचा तपशील दूरसंचार कंपनीकडून घेऊन जोडला जावा; तो जोडलेला नसेल तर गृह विभागाने प्रस्ताव उघडूसुद्धा नये. वापरणारा आणि नोंदणी असलेला माणूस वेगळा असेल, तर तसे कारणासह लिहावे. एका शासन निर्णयाने हे उद्या होऊ शकते. हा एक कागद सोबत असता तर अमजद खान तिथेच पकडला गेला असता.

याला जोडूनच : राज्यात वर्षभरात किती प्रस्ताव आले, किती मंजूर झाले, किती नाकारले, आढावा समितीच्या बैठका किती झाल्या आणि समितीने किती आदेश रद्द केले, हे आकडे दर अधिवेशनात विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत. नावे नकोत, फक्त आकडे. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्यापासून मंत्र्याच्या सहीवर न्यायिक आयुक्ताची सही लागते आणि दरवर्षी अहवाल छापला जातो. अमेरिकेत गुन्ह्याच्या तपासासाठी फोन ऐकायचा तर १९६८ पासून न्यायाधीशाचा आदेश लागतो. तिथली पोलीस यंत्रणा त्यामुळे लुळी पडलेली नाही.

आता आमच्या दारातले. नांदेडला नव्या मोंढ्यातून मोर्चा निघतो, वजिराबादेतून जिल्हाधिकारी कार्यालयावर जातो. लातूरला गांधी चौकात धरणे असते. तिथे गोपनीय शाखेचा माणूस येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. साध्या कपड्यांत, खिशात छोटी डायरी. भाषण कोणाचे, संख्या किती, निवेदन द्यायला आत कोण गेले, हे लिहून घेतो. नाव विसरला तर आम्हालाच विचारतो, आम्ही सांगतो, चहाही पाजतो. त्याच्याबद्दल आमची तक्रार नाही. तो दिसतो, त्याच्याशी बोलता येते. मोर्चा पांगल्यावर त्या भागातल्या मोबाइल टॉवरवरून त्या दोन तासांतले सगळे नंबर एका मागणीपत्रावर काढता येतात, त्याचे काय? त्यात मोर्चेकरी असतात, तसेच सचखंड हुजूर साहिबला आलेले यात्रेकरू असतात, दवाखान्यात बसलेले नातेवाईक असतात. लातुरात हेच गंजगोलाईत केले तर सोळा रस्त्यांवरच्या बाजारकऱ्यांचे नंबर एका फाइलीत जातील. कोण कोणाशी किती वेळ बोलले, रात्री कुठे होते, एवढे कळले तर प्रत्यक्ष बोलणे ऐकायची गरजच उरत नाही.

कॉल डिटेल्ससाठी तर गृह सचिवांचीही सही लागत नाही. २०१३ मध्ये अरुण जेटली यांच्या कॉल नोंदी काढल्याचे उघड झाल्यावर केंद्राने सूचना काढल्या : पोलीस अधीक्षक दर्जाच्या खालच्या अधिकाऱ्याने नोंदी मागू नयेत, आणि अधीक्षकांनी दरमहा काढलेल्या नोंदींची माहिती जिल्हा दंडाधिकाऱ्यांना द्यावी. तरीही २०१८ मध्ये ठाणे पोलिसांनी कॉल नोंदी विकणाऱ्या खासगी गुप्तहेरांची साखळी पकडली. नवऱ्याला बायकोच्या, व्यापाऱ्याला भागीदाराच्या नोंदी पैसे टाकून मिळत होत्या. तेव्हा हे निवेदन ज्यांच्यामार्फत येत आहे, त्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांना आमची थेट विनंती आहे. अधीक्षकांचे हे मासिक विवरण आपल्याकडे येते का, याची तपासणी करावी, आणि मागील तीन वर्षांतले महिनावार एकूण आकडे, टॉवरवरून घेतलेल्या नोंदींसह, दोन्ही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर लावावेत.

नाकाबंदीत गाडीची कागदपत्रे पाहून झाल्यावर “लॉक उघड, व्हॉट्सॲप दाखव” म्हणण्याची सवय काही ठिकाणी लागली आहे. पोरगा विद्यार्थी असेल तर घाबरून उघडतो. लातुरात शिकायला राहिलेली मुले परगावची, त्यांच्यामागे बोलायला इथे कोणी नसते. जप्ती नाही, पंचनामा नाही, नव्या संहितेच्या कलम १०५ मध्ये सांगितलेले चित्रीकरण नाही, तर मोबाइल हातात घ्यायचा नाही, असे परिपत्रक नांदेड परिक्षेत्रातील चारही जिल्ह्यांसाठी काढावे आणि ते प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात मराठीत लावावे. मंत्र्यांच्या दौऱ्याआधी कार्यकर्त्यांना व ग्रुप ॲडमिनना ज्या नोटिसा येतात (पूर्वी कलम १४९ खाली, आता नव्या संहितेच्या कलम १६८ खाली), त्यांत नेमके कारण लिहावे. ‘आपल्याकडून शांतताभंग होण्याची शक्यता आहे’ हे छापील वाक्य म्हणजे कारण नव्हे.

पाळतीचा विषय मराठवाड्यात किती लवकर पेट घेतो, हे जून-जुलै २०२४ मध्ये आपण पाहिलेच आहे. अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाचे आंदोलक मनोज जरांगे यांच्या मुक्कामावर रात्री ड्रोन फिरल्याची बातमी आली, विधानसभेत प्रश्न निघाला, आणि पुढे कित्येक गावांत लोक रात्रभर गच्चीवर जागत बसले. ड्रोन कोणाचा, हे वेळेवर आणि लेखी सांगितले असते तर निम्मी घबराट झाली नसती. शासकीय ड्रोन उडवण्यापूर्वी ग्रामपंचायतीला कळवण्याचा नियम करावा.

पोलिसांचे हात बांधा, असे आम्ही म्हणत नाही. खंडणीखोरांनी नांदेडकरांना काय दिवस दाखवले, ते आम्ही भोगले आहे. एप्रिल २०२२ मध्ये एका बांधकाम व्यावसायिकाला त्याच्या घरासमोर गोळ्या घालून मारले गेले. अशा टोळ्यांचे फोन ऐकावेच लागतील. त्यासाठी न्यायाधीशाची परवानगी काही तासांत मिळू शकते, रिमांड रात्रीही मिळतोच. उलट परवानगी पक्की असेल तर पुरावा टिकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका लाचप्रकरणात सीबीआयने मिळवलेले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द करून ध्वनिमुद्रणे नष्ट करायला लावली. कारण सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षितता ही कायद्यातली अट पुरी होत नव्हती. सैल कागदाने आरोपीचेच फावते.

केंद्राच्या अखत्यारीतले आपण काय करणार, असे उत्तर कृपया देऊ नये. न्यायाधीशाची पूर्वपरवानगी आणि पाळत संपल्यावर ठरावीक मुदतीत त्या नागरिकाला कळवण्याची तरतूद, या दोन दुरुस्त्यांची शिफारस करणारा ठराव विधिमंडळात आणणे आपल्या हाती आहे. लोकांनी आवाज उठवला की दिल्लीही ऐकते : प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी ॲप सक्तीने टाकण्याचा २८ नोव्हेंबर २०२५ चा आदेश ३ डिसेंबरला मागे घेतला गेला. तसेच जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या विशेष जनसुरक्षा कायद्याच्या नावाखाली कोणत्याही संघटनेच्या सदस्यांची यादी, फोन नंबर वा देणगीदारांची माहिती न्यायालयीन आदेशाशिवाय गोळा केली जाणार नाही, अशी लेखी हमी द्यावी. निजामाच्या राज्यात सभेला आगाऊ परवानगी मागायला लावणारी गश्ती क्रमांक ५३ असतानाही लातूरला आणि उमरीला महाराष्ट्र परिषदेची अधिवेशने भरली होती. या भागाला अशा कागदांची ओळख जुनी आहे.

वरील प्रत्येक मागणीवर मान्य, अमान्य किंवा विचाराधीन असे स्वतंत्र लेखी उत्तर मिळावे. दप्तर दिरंगाई कायद्याप्रमाणे ४५ दिवस, अन्य विभागाचा संबंध असल्यास तीन महिने, एवढी मुदत आम्ही धरली आहे. चर्चेसाठी आपल्या पुढील मराठवाडा दौऱ्यात अर्ध्या तासाची वेळ द्यावी. मुदतीत उत्तर न आल्यास दोन्ही जिल्हाधिकारी कार्यालयांसमोर एकाच दिवशी धरणे धरण्यात येईल; तारीख आठ दिवस आधी संबंधित पोलीस ठाण्यांना आम्हीच कळवू.

आपले विश्वासू,
नांदेड व लातूर जिल्ह्यांतील नागरिक
(सह्यांची पाने सोबत जोडली आहेत)

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र राज्य (आढावा समितीचे अध्यक्ष या नात्याने)
मा. अपर मुख्य सचिव, गृह विभाग
मा. विशेष पोलीस महानिरीक्षक, नांदेड परिक्षेत्र
मा. पोलीस अधीक्षक, नांदेड व लातूर
दोन्ही जिल्ह्यांतील सर्व विधानसभा व विधान परिषद सदस्य