अमेरिकेतले दोन गुंडे

पोलिसांना फोन करू नका. हे गुंडे सुतळीचे आहेत. मात्र एकेकाचं वजन ऐकलंत तर खऱ्या गुंडांनाही घाम फुटेल.

अमेरिकेच्या मधल्या भागातून गाडीने जाताना एक गोष्ट पटकन लक्षात येते. रस्ता उत्तम आहे, पण रस्त्याच्या कडेला काहीच नाही! मका, मग गहू, मग परत मका. आपल्याकडे दर चार किलोमीटरवर टपरी, उसाचा रस, निदान 'येथे पंक्चर काढून मिळेल'ची पाटी तरी असते. तिथे तासभर नुसतं क्षितिज. अशा ठिकाणच्या चार-पाचशे वस्तीच्या गावाने भरधाव गाडी थांबवायची कशी?

साउथ डकोटातल्या 'वॉल' नावाच्या गावात टेड हस्टेड यांनी १९३१ मध्ये औषधाचं दुकान घेतलं. मंदीचा काळ, गिऱ्हाईक नाही. १९३६ च्या उन्हाळ्यात त्यांच्या पत्नी डोरोथी म्हणाल्या, या रस्त्याने जाणारे लोक उन्हाने हैराण झालेले असतात, त्यांना बर्फाचं पाणी फुकट देऊ या. हमरस्त्यावर पाट्या लागल्या आणि गाड्या वळायला लागल्या. म्हणजे आपली पाणपोईच, फक्त जाहिरातीसकट. आज ते दुकान अवाढव्य झालंय. पाणी अजून फुकट आहे आणि कॉफी पाच सेंटला.

ज्यांना पाणपोई सुचली नाही, त्यांनी इतर उद्योग केले. टेक्ससमध्ये अमॅरिलोजवळ दहा कॅडिलॅक गाड्या १९७४ पासून जमिनीत नाक खुपसून उभ्या आहेत. नेब्रास्कात जुन्या मोटारी उभ्या-आडव्या रचून इंग्लंडच्या स्टोनहेंजची नक्कल केली आहे. तिचं नाव अर्थातच कारहेंज. आणि दोन गावांनी सुतळी गुंडाळली.

पहिला गुंडा मिनेसोटातल्या डार्विन गावचा. मिनीॲपोलिसपासून पश्चिमेला साधारण शंभर किलोमीटर. फ्रान्सिस जॉन्सन नावाच्या शेतकऱ्याने १९५० मध्ये सुतळी गुंडाळायला सुरुवात केली, ती रोज चार-चार तास, वर्षानुवर्षं. गुंडा इतका वाढला की तो सगळीकडून सारखा गुंडाळता यावा म्हणून रेल्वेच्या जॅकने उचलावा लागे. व्यास बारा फूट, वजन १७,४०० पौंड, म्हणजे जवळपास आठ टन. आपल्या घरी कुणी चार दिवस जरी असं केलं असतं, तरी घरच्यांनी गुंड्यासकट बाहेर काढलं असतं! जॉन्सन १९८९ मध्ये वारले. आता गुंडा गावात पारदर्शक भिंतींच्या मंडपात बसलाय. बघा, फोटो काढा, हात लावू नका.

दुसरा कॅन्ससमधल्या कॉकर सिटीचा. नावात 'सिटी' असली तरी वस्ती पाचशेच्या आत. इथल्या फ्रँक स्टोबर यांनी १९५३ मध्ये कोठारात पडलेले सुतळीचे तुकडे जोडून गुंडाळायला सुरुवात केली. ही सुतळी घायपाताची. गवताचे गठ्ठे बांधायला ती वापरत आणि गठ्ठा सोडला की तुकडे उरत. किराण्याच्या पुड्यांचा दोरा गुंडाळून फडताळात ठेवणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना स्टोबर परके वाटणार नाहीत. फक्त आजी वेळेवर थांबायची.

स्टोबर यांनी १९६१ मध्ये गुंडा गावाला देऊन टाकला. १९७४ मध्ये ते गेले, तेव्हा तो सुमारे अकरा फुटांचा होता, म्हणजे डार्विनपेक्षा फूटभर कमी. गावाला तो तसाच झाकून ठेवता आला असता. गावाने उलटं केलं. चारी बाजूंनी उघडी शेड बांधली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, घ्या सुतळी, तुम्हीही गुंडाळा. दर ऑगस्टमध्ये तर सगळं गाव मिळून गुंडाळतं. परिणाम? नऊ टन केव्हाच ओलांडले आणि गुंडा अजून वाढतोच आहे.

आता 'जगात सर्वात मोठा' कोण, यावर तंटा आहेच. डार्विनवाले म्हणतात, एका माणसाने केलेला आमचा. कॉकर सिटीवाले म्हणतात, सगळ्यांनी मिळून केलेला आमचा. दोघांचंही खरं आहे, म्हणून तंटा मिटत नाही.

जवळून पाहिलं तर कॉकर सिटीचा गुंडा काही देखणा नाही. जुनी सुतळी काळवंडलेली, नवी पिवळट, गाठी बाहेर आलेल्या, आकार थोडा बसका. पण त्यात हजारो अनोळखी माणसांचा हात आहे. ज्याने दोन हात सुतळी गुंडाळली, तो घरी जाऊन सांगतो, 'त्यातली थोडी माझी आहे.' मग त्याची मुलं येतात.

आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या घरांना हा हिशोब ओळखीचा वाटेल. पणजोबांनी आणलेली मराठी आपण कधी पारदर्शक भिंतीत ठेवतो. गणेशोत्सवात दाखवायला छान. आणि एखादा भाचा अर्धी हिंदी, अर्धी कानडी मिसळून बोलायला लागला की सगळे मिळून त्याची चूक काढतात. पुढच्या वर्षी तो बोलतच नाही. त्याची सुतळी वेगळ्या रंगाची असेल, गाठ वाकडी बसेल. बसू दे ना! आतली सुतळी कुठे जात नाही, ती आणखी घट्ट आवळली जाते.

जायचं असेल तर आंतरराज्य महामार्ग ७० सोडून उत्तरेकडे तासाभराचं वळण घ्यावं लागेल. कॉकर सिटीच्या फुटपाथवर रंगवलेली सुतळीची रेघ धरून चाला, ती थेट गुंड्यापाशी नेते. गावात विचारलं की गुंडाळायला सुतळी मिळते. गाठ मात्र आपली आपण मारायची.