विमानाचा दीड तास आणि कर्जतकराचे चार

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरपासून तेथून प्रवासी विमाने उडू लागली. या घटनेचे आम्ही मनःपूर्वक स्वागत करतो. परंतु कर्जत-खालापूरच्या सामान्य नागरिकाच्या पदरात त्यातून काय पडणार, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

मुंबई आणि नागपूर यांमधील हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर आहे. विमान ते साधारणतः दीड तासात कापते. वेळापत्रकातील हा दीड तास खोटा नाही. मात्र तो एका विमानतळापासून दुसऱ्या विमानतळापर्यंतचा आहे, आणि विमानतळावर कोणाचे बिऱ्हाड नसते. कर्जतहून उपनगरी गाडीने मुंबई गाठावयास सुमारे दोन तास लागतात. उड्डाणापूर्वी दोन तास हजर राहावे, असा शिरस्ता आहे. म्हणजे ७०० किलोमीटरांस दीड तास आणि विमानाच्या पायरीपर्यंत पोहोचावयास चार! उद्या विमानाचा वेग दुप्पट झाला, तरी या प्रवाशाचा अवघा पाऊण तास वाचेल.

या भागास हा अनुभव नवा नाही. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली. १८५८ साली ती खंडाळ्याहून पुण्यास धावू लागली. परंतु १८६३ साली घाटातील लोहमार्ग खुला होईपर्यंत मधला बोरघाट प्रवाशांना पालखीतून, तट्टावरून वा पायी ओलांडावा लागे. वाफेच्या इंजिनाने वाचविलेला वेळ त्या एका सांध्यात खर्ची पडत असे.

आजचा सांधा कर्जत-खालापूर आणि पनवेल यांमधील आहे. २००२ साली पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग खालापुरावरून जातो खरा. पण त्याचा खरा उपयोग मोटार बाळगणाऱ्यास. ज्याच्या दारी मोटार नाही, त्याचे काय? २०१६ साली मंजूर झालेला पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग सुमारे ३० किलोमीटरांचा असून त्याची आखणी चौकवरून आहे. हे त्या प्रश्नाचे योग्य उत्तर आहे. परंतु रूळ टाकले म्हणजे कर्तव्य संपले, असे रेल्वेने मानू नये. पहाटेच्या विमानास उपयोगी पडेल अशी गाडी हवी, पनवेल स्थानकावरून विमानतळास माफक दरात वाहन हवे, आणि खोपोली-खालापूरहून एस.टी.ची थेट बस हवी. या तिन्हींची वेळापत्रके परस्परांशी जुळलेली असली पाहिजेत.

आजारी आप्तास भेटावयास निघालेल्या माणसाला घरून निघाल्यापासूनचा प्रत्येक तास मोजावा लागतो. दोन दूरच्या नगरांमधील अंतर विज्ञानाने तोडले आहे. घर आणि विमानतळ यांमधील अंतर तोडणे ही शासनाची जबाबदारी आहे, आणि तिची पूर्तता करून घेण्यासाठी या दोन्ही तालुक्यांतील लोकप्रतिनिधींनी पक्षभेद विसरून पाठपुरावा करावा, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.