उपसरपंचाचं काम कायद्यात आहे, उपमुख्यमंत्र्याचं कुठे?

मंडळी, परवा टपरीवर एका पोराने विचारलं, "भाऊ, मुख्यमंत्री नसला तर उपमुख्यमंत्रीच सही करतो ना?" म्हटलं, नाही बे, आपोआप नाही.

घटनेच्या कलम 164 मध्ये मुख्यमंत्री आहे, इतर मंत्री आहेत. 'उप' कुठेच नाही. देवीलाल प्रकरणात 1990 लाच सुप्रीम कोर्ट म्हणालं की उपपंतप्रधान हे नुसतं वर्णन, माणूस मंत्रीच. 2024 मध्ये उपमुख्यमंत्र्यांविरुद्धची याचिकाही फेटाळली.

राज्याचे पहिले उपमुख्यमंत्री आपल्या विदर्भाचे, नाशिकराव तिरपुडे. मार्च 1978. दोन काँग्रेसची मोट बांधायची होती, म्हणून पद निघालं. जुलैत सरकारच कोसळलं. तेव्हापासून हे पद म्हणजे बहुतेकदा युती-आघाडीची तडजोड. 2022 ला देवेंद्र फडणवीस उपमुख्यमंत्री झाले, तेव्हाही वजन होतं ते गृहखात्याचं, 'उप'चं नाही.

अमेरिकेतल्या नवाहो आदिवासींचं बघा. त्यांचा उपाध्यक्ष अध्यक्षासोबत जोडीनेच निवडणूक लढतो. मत देतानाच लोकांना नाव ठाऊक असतं. आपल्याकडे निकालानंतर बंद खोलीत ठरतं, मग आपण टीव्हीवर शपथविधी पाहायचा!

अन् आपला उपसरपंच? सरपंच नसला की सभेचं अध्यक्षस्थान त्याचं, हे 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. मग राज्याच्या 'उप'चे अधिकार लिहून ठेवायला काय हरकत आहे? पद हवं तर खुशाल ठेवा. पण मुख्यमंत्री आजारी पडला तर फाईल कोणाच्या टेबलावर जाईल, हे लोकांना आधी कळू द्या. हिवाळी अधिवेशनाला सगळे आमदार नागपुरात येतातच. विदर्भातल्या एखाद्याने तरी हे सभागृहात विचारावं.