आमची उल्हास, तुमची खाडी

दादर स्टेशनचा पूल म्हणजे आमचा लव्हर्स पॉइंट. हसू नका. सेंट्रलवाली मुलगी आणि वेस्टर्नवाला मुलगा, यांनी दुसरं भेटायचं तरी कुठे? मी कर्जतची, तो वसईचा. मला दादर गाठायला दोन तास, त्याला तासभर. मग एक कटिंग, अर्धा तास गप्पा आणि ‘चल, माझी कर्जत चुकेल’ म्हणत मी एका बाजूचा जिना उतरणार, तो दुसऱ्या. लाँग डिस्टन्स रिलेशनशिप काय फक्त पुणे-न्यू जर्सीचीच असते? दिव्याहून वसईला थेट गाडी आहे, मान्य. पण तिच्या फेऱ्या इतक्या मोजक्या, की ते टाइमटेबल जुळवण्यापेक्षा पत्रिका जुळवणं सोपं.

यंदा लग्न ठरलं आणि प्रश्न सुरू झाले. ऑफिसात, नातेवाइकांत, लोकलच्या लेडीज डब्यात एकच डायलॉग : ‘मग आता वसई का?’ उत्तर त्यांनीच गृहीत धरलेलं. त्याला मात्र आजवर एकानंही ‘मग आता कर्जत का?’ असं विचारलेलं नाही. मी मोजतेय.

आमच्या घरात आम्ही दोघीच. बाबा गेले त्याला सहा वर्षं झाली. घर दहिवलीला, नदीच्या अंगाला. आईचं माहेर खोपोलीचं, म्हणजे पाताळगंगेचं. लग्न होऊन ती इकडे आली आणि तिची नदी बदलली. तेव्हापासून गोधड्या धुवायच्या त्या उल्हासवर. घरात वॉशिंग मशीन आल्यावरही गोधड्या नदीवरच. ‘त्या डब्यात काय मावतंय?’ हे कारण सांगायला. खरं कारण नदीवर भेटणाऱ्या बायका.

तर साखरपुड्याआधी आईनं एकदा वसईचं घर बघून घ्यावं असं ठरलं. तो म्हणाला, ‘भाईंदरला उतरा आणि फेरीनं या. काकूंना तुमची नदी दाखवतो.’

मी म्हटलं, आमची नदी? तिकडे?

अहो, मला खरंच लिंक लागली नव्हती. रोज सकाळी लोकलच्या खिडकीतून जी नदी भिवपुरी, नेरळ, वांगणी, बदलापूरपर्यंत कधी दिसते, कधी लपते, ती पुढे जाते कुठे असा प्रश्न कुणाला पडतो? तोपर्यंत डुलकी लागलेली असते. राजमाचीच्या पायथ्याच्या दरीतून निघालेली ही उल्हास कोंढाण्याच्या लेण्यांखालून कर्जतला येते. कल्याणपर्यंत तिची खाडी झालेली असते. तिथे दुर्गाडी किल्ल्याच्या आसऱ्यानं शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली, हे शाळेत पाठ केलं होतं. पण ते पाणी आमचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. पुढे ठाण्याला वळसा घालून घोडबंदरमार्गे ती वसईच्या किल्ल्यापाशी समुद्राला मिळते. सगळा प्रवास सव्वाशे किलोमीटरच्या आत-बाहेर. म्हणजे माझं सासर-माहेर एकाच नदीवर! एक उगमाकडे, एक मुखाशी. आणि आम्ही येडे दादरच्या पुलावर भेटत होतो.

ही रो-रो फेरी सुरू झाली फेब्रुवारी २०२४ मध्ये. भाईंदर ते वसई किल्ल्याजवळची जेट्टी, पाण्यातून साडेतीन किलोमीटर, पंधरा मिनिटं. हेच गाडीनं घोडबंदर आणि हायवेवरून जायचं तर पस्तीस-चाळीस किलोमीटरचा फेरा, आणि त्या रस्त्यावरचं ट्रॅफिक माहीतच असेल. सुरू झाली तेव्हा पायी माणसाला तीसेक रुपये, बाईकला साठ-सत्तर, कारला दोनशेच्या आसपास असं भाडं होतं. कॉफी शॉपमध्ये तीस रुपयांत हल्ली साखरेची पुडी तरी मिळेल का?

पण खोटं कशाला बोला, पायी जाणाऱ्यासाठी लोकल याहूनही स्वस्त. भाईंदर ते वसई रोड दहाएक मिनिटं. शिवाय फेरीसाठी स्टेशनवरून जेट्टीपर्यंत रिक्षा, उतरल्यावर पुन्हा काहीतरी वाहन. मग ही बोट कुणाची? ज्याला लोकल डब्यात घेत नाही, त्याची. आमच्या फेरीत एक स्कूटरवाला होता, पुढे-मागे रिकाम्या टोपल्या बांधलेल्या. सकाळी वसईचा माल विकून परत निघालेला. मांडवाच्या खुर्च्या भरलेला एक टेम्पो होता. एका जोडप्याच्या बाईकवर दोघांच्या मध्ये बाळ आणि बाळाच्या हातात पतंग. ही सगळी गर्दी विरारच्या डब्यात घालून बघा.

तो आधीच्या फेरीनं बाईक घेऊन भाईंदरला आला होता. आईनं पंजाबी ड्रेस घातला होता. ‘बोटीत चढायचंय, साडी कुठे सांभाळू?’ बोटीची रॅम्प धाडकन खाली पडली, समोरच्या गाड्या उतरल्या, आमच्या चढल्या, शिट्टीवाल्या पोरानं ‘अजून मागे, अजून मागे’ करत टेम्पो असा लावून घेतला की मॉलच्या पार्किंगवाल्यांनी शिकवणी लावावी. वरच्या डेकवर गेलो. डिझेल आणि सुक्या मासळीचा एकत्र वास. उजव्या हाताला लांबवर रेल्वेचे पूल, त्यावरून एक लोकल विरारकडे चाललेली. त्या डब्यातली माणसं एकमेकांच्या खांद्यावर लोंबकळत असणार. आम्ही मात्र रेलिंगला टेकून उभे.

आई गप्प. मला वाटलं, घाबरली. २०१९ च्या जुलैपासून उल्हास आणि बोट हे दोन शब्द तिच्या डोक्यात एकत्र आले की तिला महालक्ष्मी एक्स्प्रेसच आठवते. २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली ती गाडी बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकली. दुसऱ्या दिवशी एनडीआरएफच्या रबरी बोटींतून हजाराहून जास्त माणसं बाहेर काढली. ती हीच नदी. त्या रात्री मी ऑफिसातच अडकले होते आणि आई पहाटेपर्यंत खिडकीत.

‘काकू, भीती वाटतेय?’ त्यानं विचारलं.

‘नाही रे. एवढं मोठं झालं होय हे पाणी?’ ती म्हणाली आणि पर्समधून एक नाणं काढून तिनं खाडीत टाकलं. गाडी पुलावरून जाताना टाकते तसंच.

मग त्यानं इम्प्रेशन मारायला जनरल नॉलेज काढलं. त्याचा जॉब वीज क्षेत्रातला, त्यामुळे हे त्याचं होम पिच. म्हणाला, ‘काकू, यातलं सगळं पाणी मूळचं तुमच्याकडचंही नाही. वर घाटमाथ्यावर आंध्रा नदी आहे. ती इंद्रायणीला मिळून, पुढे भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायची. टाटांनी तिच्यावर ठोकरवाडीचं धरण बांधलं आणि पाणी डोंगरावरून इकडे भिवपुरीच्या वीजघरात सोडलं. १९२२ पासून ते वीज करून पेज नदीत येतं आणि पेजेतून उल्हासला. म्हणून तर कर्जतला भर मे महिन्यातही नदीला पाणी असतं. खोपोलीचंही तसंच, तिथलं वीजघर त्याच्याही आधीचं. ते पाणी पाताळगंगेला.’

आई म्हणाली, ‘म्हणजे पूर्वेला निघालेलं पाणी, त्याचं सासर बदललं. त्याला विचारलं होतं का कुणी?’

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी किल्ल्याकडे.

आईनं तेवढ्यात माहेरची बाजूही लावून धरली. आमची पाताळगंगा कुठे जाते मग? तर ती धरमतरच्या खाडीला. आणि त्या खाडीच्या तोंडाशीही रेवस ते करंजा अशी तर चालत आलेली आहे. तिथे पूल करायचं स्वप्न अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हाचं, १९८०-८२ चं. म्हणजे कर्जत असो की खालापूर, आमच्या दोन्ही तालुक्यांच्या नद्या शेवटी जाऊन एकेका बोटीखालून समुद्राला मिळतात. आईला हे सॉलिड आवडलं. ‘खोपोलीच्या वहिनीला सांगायला पाहिजे.’

भाईंदरच्या खाडीवरही मोटारींसाठी पूल व्हायची चर्चा जुनी आहे. झाला की फेरी बंद पडेल, असं शेजारचा स्कूटरवाला म्हणाला. मला पणजी आठवली. तिथे मांडवीवरचा पूल १९८६ मध्ये कोसळला तेव्हा सगळा भार फेरीबोटींवर आला. पुढे एक सोडून तीन पूल झाले, तिसरा अटल सेतू २०१९ मध्ये. तरी पणजी-बेती फेरी संपली नाही, पायी माणसाला फुकट नेत राहिली. मी तिथे बघितलंय : ऑफिस सुटलेली माणसं बाईक स्टँडला लावून, हेल्मेट हातात घेऊन नुसती उभी असतात. तेवढी पाच-दहा मिनिटं ती ना ऑफिसची, ना घरची. स्कूटरवाल्याला हे सांगितलं तर म्हणाला, ‘मॅडम, उभं राहायला वेळ कुणाला आहे? मला टोपल्या न्यायच्यात.’ बरोबर आहे. वीकेंडला बोटीत बसणाऱ्यांनी जास्त फंडे देऊ नयेत.

किल्ल्याचा तट जवळ आला तसं त्यानं ते बोलून टाकलं, जे आम्ही दोन महिने टाळत होतो. ‘काकू, आम्ही ठाण्यात घर बघतोय. घोडबंदर रोडला. हिला ऑफिस जवळ, मला बऱ्यापैकी. तुम्हीही आमच्याकडेच यायचं. तिथेही उल्हासच आहे.’

ईएमआयचा आकडा त्यानं सांगितला नाही. सांगितला असता तर आई खाडीत पडली असती.

आईनं ओढणी नीट केली. ‘मी कर्जत सोडत नाही. एकदा नदी बदलली, पुरे झालं. तुम्ही कुठे राहायचं ते तुम्ही ठरवा. पण लोकलमधल्या बायकांना विचारून ठरवू नका, आणि माझ्या काळजीनंही ठरवू नका. ही तिकडे आली तर मला यायला वाट हवी, एवढंच.’

‘पण आई, तू एकटी...’

‘तुझी कर्जत लोकल दोन तास घेते, तेव्हाही मी एकटीच असते की.’

यावर बोलण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं. खाली गाड्यांची इंजिनं सुरू झाली, रॅम्प पुन्हा धाडकन पडली, स्कूटरवाला टोपल्यांसकट पहिला सुटला. त्यानं आपली बाईक काढली आणि आमच्यासाठी रिक्षा बघायला पुढे गेला. आई उतरता उतरता शिट्टीवाल्या पोरापाशी थांबली.

‘काय रे बाळा, परतीची शेवटची बोट किती वाजता?’

‘आज परत जायचंय, मावशी?’

‘आज नाही. पुढे लागेल.’

तो काहीतरी म्हणाला, पण टेम्पोच्या हॉर्नमध्ये ते बुडालं. आईनं त्याला दोनदा सांगायला लावलं, मग मोबाईल माझ्या हातात दिला. ‘हे लिहून ठेव गं. आणि पहिली किती वाजता सुटते, तेही विचार.’