पर्युषणात विसावणारे यंत्र



श्रावण सरत आला की आपल्या घराघरांतून पर्युषणाची तयारी सुरू होते. श्वेतांबर परंपरेतील कुटुंबे आठ दिवस, तर दिगंबर परंपरेतील कुटुंबे भाद्रपद शुद्ध पंचमीपासून दहा दिवस व्यवहाराला आवर घालतात. दुकानाच्या फळ्या लागतात, वह्या मिटतात, आणि ज्या घरांच्या मागील पडवीत वा गोदामाच्या एका कोपऱ्यात लेथ, ड्रिलिंग मशीन, ग्राइंडर अशी छोटी यंत्रशाळा आहे, तिथे त्यांचीही बटणे बंद होतात. जळगावच्या डाळ मिला, खानदेशातील जिनिंग-प्रेसिंग, धुळ्याकडील पंपसेट व शेती-अवजारांचे व्यापारी यांच्यापैकी अनेकांकडे अशी यंत्रशाळा असते. मिलचा शाफ्ट झिजला, पुलीची खाच रुंदावली, तर दर वेळी बाहेर धाव घ्यावी लागू नये, एवढाच तिचा हेतू.

दुकान बंद राहिले तर फार तर चार गिऱ्हाइके परत जातात. यंत्राचे मात्र तसे नाही. चालत्या यंत्राला तेल मिळत राहते, कुणाची तरी नजर त्याच्यावर असते. बंद यंत्र पावसाळी हवेच्या स्वाधीन होते. म्हणून या अंकात यंत्र चालविण्याविषयी नव्हे, तर ते नीट बंद कसे करावे आणि नीट पुन्हा सुरू कसे करावे, याविषयी लिहीत आहे. हा धडा आमच्या घराने नुकसान सोसून घेतला आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. वडिलांनी जुन्या बाजारातून घेतलेला सहा फुटी लेथ आमच्या घरामागील पत्र्याच्या शेडमध्ये आहे. पर्युषणाच्या आदल्या संध्याकाळी सारेच घाईत होते. धूळ बसू नये म्हणून कुणीतरी चांगल्या बुद्धीने लेथच्या बेडवर डाळीची रिकामी गोणपाटे पसरली. आठवडाभर पावसाची झड लागली होती. नवव्या दिवशी गोणपाट उचलले, तर त्याची वीण जशीच्या तशी तांबूस रंगात बेडवर उमटली होती. माझा पुतण्या उत्साही. मिस्त्री येण्यापूर्वीच त्याने पॉलिश पेपरने घासून बेड लखलखीत केला. सर्वांनी त्याचे कौतुक केले. मीही केले.

त्याच आठवड्यात बाजारात नवा मूग, उडीद येऊ लागला आणि मिलच्या रोलरचा शाफ्ट नवा करावा लागला. बेअरिंगची बैठक ५० मिलिमीटरची. मिस्त्रींनी नेहमीच्या हाताने ती उतरविली; पण मायक्रोमीटर लावला असता एका टोकापेक्षा दुसरे टोक ०.०४ मिलिमीटर बारीक भरले. हंगाम तोंडावर असल्याने ‘चालेल’ असे मीच म्हणालो. चालले नाही. बेअरिंगची आतली कडी शाफ्टवर फिरू लागली, शाफ्ट तापला, आणि भर हंगामात मिल चार दिवस बंद राहिली. पर्युषणाचे आठ दिवस आम्ही आनंदाने दिले होते. हे चार दिवस मात्र निष्काळजीपणाने गेले.

मागे वळून पाहता यात दोन चुका दिसतात. पहिली गोणपाटाची. लेथचा बेड म्हणजे बिडाचा मोठा ठोकळा. तो रात्री थंड होतो आणि सकाळी हवेइतक्या लवकर तापत नाही. त्यामुळे सकाळच्या दमट हवेतील पाणी त्याच्या थंड पृष्ठावर दवासारखे उतरते. गोणपाट ते पाणी शोषून लोखंडाला चिकटवून ठेवते. प्लास्टिकचा कागद घट्ट गुंडाळला तरी आत हाच प्रकार होतो. दुसरी चूक पॉलिश पेपरची. त्याचे कण लोखंडापेक्षा कठीण असतात. ते तेलात मिसळून कॅरेजखाली शिरले की कॅरेज सरकताना प्रत्येक वेळी बेडला ओरखडे पडतात. मिस्त्रींनी कॅरेज उघडले तेव्हा आत काळसर लगदा निघाला.

तरीही बैठकीतील एवढा उतार केवळ त्याने येणार नाही, असे त्यांचे म्हणणे पडले. त्यांनी बेडवर आडवी लेव्हल ठेवली, एकदा चककडे आणि एकदा टेलस्टॉककडे. दोन्हीकडचा बुडबुडा वेगळ्या जागी थांबला. बेड पिळला गेला होता. तापीखोऱ्यातील आपली काळी माती पावसात फुगते आणि वैशाखात भेगाळते, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण त्याच मातीवर चार इंच काँक्रीट टाकून आपण लेथ उभा करतो आणि तो जागचा हलणार नाही असे गृहीत धरतो. शेडचा एक कोपरा उचलला गेला होता आणि त्यासोबत लेथचा एक पायही.

या अनुभवानंतर आमच्याकडे तीन टिपणे तयार झाली. पहिले यंत्र बंद करण्यापूर्वीचे, दुसरे बंद असतानाचे, आणि तिसरे ते पुन्हा सुरू करतानाचे. ती आपल्यापुढे ठेवतो.

बंद करण्यापूर्वी. शेवटचे काम संपल्यावर निदान एक तास हाती ठेवावा. लोखंडाचा कीस ब्रशने झाडून काढावा. हवेच्या नळीने उडवू नये, कारण त्या दाबाने कीस कॅरेज व क्रॉस स्लाइडच्या फटीत जातो आणि क्वचित माणसाच्या डोळ्यातही. बिडाचे काम झाले असेल तर तेलात मिसळलेली काळी भुकटी पूर्ण पुसून मगच नवे तेल घालावे. बेड, टेलस्टॉकची नळी, चकचे जबडे आणि लीड स्क्रू या सर्वांवर बेडसाठी मिळणारे ६८ ग्रेडचे तेल हाताने जाडसर लावावे. ग्रीस लावू नये. त्यात कीस रुतून बसतो. घरात सरकीचे वा शेंगदाण्याचे तेल मुबलक असते म्हणून ते वापरण्याचा मोह होतो, पण खाद्यतेल हवेने चिकट होते आणि काही महिन्यांत सरकते भाग जखडते. मोटारगाडीचे इंजिन ऑइलही बेडसाठी योग्य नव्हे. त्यातील मळ धरून ठेवणारी द्रव्ये पाणीही धरून ठेवतात.

कूलंटची टाकी रिकामी करणे हे या टिपणातील सर्वांत महत्त्वाचे काम, आणि आपल्यासाठी त्याला आणखी एक अर्थ आहे. पाण्यात मिसळणारे तेल साधारणपणे वीस भाग पाण्यास एक भाग या प्रमाणात असते. हे पाणी आठवडाभर साचून राहिले की त्यात जीवजंतूंची वाढ होते, कुबट वास येऊ लागतो, आणि मग नव्या तेलासोबत ते सारे ओतून द्यावे लागते. जीव उत्पन्न होऊच नयेत यासाठी जपणे म्हणजे जयणा, हे आपल्या घरातील वडीलधाऱ्यांनी पाणी गाळताना आपल्याला शिकविले आहे. तीच दृष्टी यंत्रशाळेत न्यावी. टाकी उपसून, पुसून, कोरडी करून ठेवावी. उपसलेले तेलकट पाणी गटारीत वा झाडाच्या आळ्यात न टाकता डब्यात साठवावे आणि टाकाऊ तेल घेणाऱ्या अधिकृत व्यक्तीच्या स्वाधीन करावे. पुन्हा मिश्रण करताना पाण्यात तेल घालावे, तेलात पाणी नव्हे. उलट केल्यास ते नीट एकजीव होत नाही.

पट्टे ढिले करावेत, जेणेकरून ते एकाच वाकात ताणलेले राहणार नाहीत. मुख्य स्विच काढावा. मायक्रोमीटर व व्हर्नियर कोरड्या फडक्याने पुसून, तेलाचे बोट फिरवून पेटीत ठेवावेत. हाताच्या घामातील मीठ हे पोलादाचा छुपा शत्रू आहे.

बंद असताना. यंत्रावर धुतलेली, वाळलेली सुती चादर सैल टाकावी. तिच्यातून हवा खेळते. शेडच्या खिडकीची झडप पावसाच्या बाजूने बंद आणि दुसऱ्या बाजूने उघडी असावी. ग्राइंडर लेथशेजारी असेल तर या निमित्ताने तो दूर हलवावा. त्याच्या चाकाची धूळ म्हणजे न दिसणारा पॉलिश पेपरच होय. इतके केल्यावर आठ-दहा दिवस यंत्राकडे पाहण्याचीही गरज उरत नाही, आणि मन आराधनेत निश्चिंत राहू शकते.

पुन्हा सुरू करताना. इथे घाई सर्वाधिक होते आणि धोकाही इथेच सर्वाधिक असतो. आमच्या परिचयातील एका यंत्रशाळेत सुटीच्या काळात वीजवाहिनीची दुरुस्ती झाली आणि जोडताना तीनपैकी दोन फेज एकमेकांच्या जागी गेल्या. मोटार उलटी फिरू लागली. जुन्या पद्धतीच्या अनेक लेथवर चक आट्यांवर फिरवून बसविलेला असतो. असा लेथ जोरात उलटा सुरू झाला की चक स्वतःच सुटू लागतो. त्या दिवशी मिस्त्री चकसमोर उभे नव्हते, म्हणून पंधरा-वीस किलोचा तो गोळा केवळ भिंतीवर आदळला. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे : आधी पट्टा उतरवून एकट्या मोटारीची दिशा पाहायची, मगच पट्टा चढवायचा. पट्टा चढविल्यावर दोन पुलींच्या मध्यभागी अंगठ्याने दाबून पाहावा; दर मीटर अंतरामागे साधारण १५ मिलिमीटर दबला तर ताण योग्य. दोन-तीन पट्टे एकत्र असतील आणि एक तुटला, तर सर्वच बदलावेत, कारण नवा पट्टा एकटाच सारा भार घेतो.

गिअरच्या पेटीतील तेल काचेतून पाहावे. दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे असे समजून तेल बदलावे. त्यानंतर सर्वांत कमी वेगावर पंधरा मिनिटे लेथ रिकामा चालवावा. कुठे तांबूस डाग दिसलाच तर डिझेलमध्ये भिजविलेल्या फडक्याने, फार तर अगदी बारीक स्टील वूलने, यंत्र बंद असताना पुसावा.

शेवटी लेव्हल. बेड पाणसळीत असण्यापेक्षा दोन्ही टोकांचे वाचन सारखे असणे महत्त्वाचे. मग हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीची लोखंडी कांडी चकमध्ये धरून, टेलस्टॉकचा आधार न देता, सुमारे १५० मिलिमीटर लांबीवर हलकासा काट घ्यावा आणि दोन्ही टोके मोजावीत. फरक ०.०२ मिलिमीटरच्या आत असेल तर रोजच्या कामास यंत्र तयार आहे. अधिक असेल तर पायाखालील पत्रे वा बोल्ट कमी-जास्त करून पुन्हा पाहावे. खानदेशातील काळ्या मातीवर ही परीक्षा वर्षातून दोनदा, पावसाळा संपताना आणि वैशाखात, अवश्य करावी.

यंत्रापेक्षा मोठी गोष्ट यंत्रापुढे उभ्या असलेल्या माणसाची आहे. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी सणाचे कपडे अंगावर असतात, कुणी दर्शनाहून थेट आलेले असते. उपरणे, ओढणी, बांगड्या, गळ्यातील साखळी, लांब बाह्या यांपैकी काहीही फिरत्या चकजवळ नसावे. लेथवर हातमोजेही घालू नयेत. मोजा अडकला की हात ओढला जातो. १९४८ च्या कारखाना अधिनियमात चालत्या यंत्राजवळ काम करणाऱ्याने अंगाला घट्ट बसणारे कपडे घालावेत असे कलमच होते. आपली छोटी यंत्रशाळा कायद्याच्या कक्षेत येवो न येवो, आपल्या छपराखाली कुणाच्या बोटाला इजा झाली तर ती आपल्या खाती जमा होते. चक घट्ट केल्यावर चावी हातातून तशीच खुंटीवर गेली पाहिजे. चकमध्ये राहिलेली चावी यंत्र सुरू होताच गोफणीतील दगडासारखी सुटते.

एक छोटीशी सूचना करून थांबतो. आपण व्यापारी माणसे. गिऱ्हाइकाकडील रुपयाचाही हिशेब ठेवतो. दिवाळीला वहीपूजन होते तेव्हा एक पान यंत्राच्या नावे उघडावे. तेल कधी बदलले, पट्टे कधी घातले, लेव्हल केव्हा पाहिली, दोन्ही टोकांत फरक किती आला, एवढेच त्यात लिहावे. आमच्या वहीत अशा नोंदी आता अनेक वर्षांच्या आहेत. फरक हळूहळू वाढू लागला की तो शाफ्टवर दिसण्याआधी वहीत दिसतो. आणि त्या पानाच्या पहिल्याच ओळीत मी स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, ‘०.०४ फरक असताना चालेल म्हणालो.’ संवत्सरीच्या दिवशी क्षमापना करताना मिस्त्रींसमोरही हात जोडले होते. ते हसले आणि म्हणाले, ‘शेठ, पुढच्या वर्षी गोणपाट मात्र लपवून ठेवा.’

पुढील अंकात ग्राइंडरचे चाक कसे निवडावे व बसवावे, याविषयी. तोवर आपल्या यंत्रशाळेत सर्व कुशल असो.

जय जिनेंद्र.